बुटका वाटाणा, बुटका भात : शालेय विज्ञानातील आनुवंशिकता आणि अन्ननिर्मिती यांच्या अध्यापनाची चिकित्सा

प्रास्ताविक

शालेय विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकात वनस्पती दोन निराळ्या प्रकरणांतून विद्यार्थ्यांसमोर येतात. आनुवंशिकतेच्या प्रकरणात वाटाणा येतो : उंच आणि बुटका, गोल आणि सुरकुतलेला, पिवळा आणि हिरवा. अन्ननिर्मितीच्या किंवा जैवतंत्रज्ञानाच्या प्रकरणात गहू, भात, कापूस येतात : सुधारित वाण, संकरित बियाणे, हरितक्रांती. पहिल्या प्रकरणात गणित असते व दुसऱ्यात यादी असते. पहिल्यावर परीक्षेत चौकट भरण्याचा प्रश्न येतो, दुसऱ्यावर टीप लिहावयाचा. या दोन प्रकरणांतील वनस्पती एकाच नियमाने वागतात, ही गोष्ट विद्यार्थ्यास कोठेही सांगितली जात नाही. प्रस्तुत लेखात या तुटलेपणाची चिकित्सा करावयाची असून, त्यामुळे शेतकरी कुटुंबातील मुलांचे काय नुकसान होते याकडे विशेष लक्ष वेधावयाचे आहे.

उदाहरणे आपल्या नित्य वापरातील पुस्तकांचीच घेतली आहेत. महाराष्ट्र राज्याच्या इयत्ता नववीच्या २०१७ साली आलेल्या विज्ञानाच्या पुस्तकात ‘आनुवंशिकता व परिवर्तन’ हे सोळावे प्रकरण आहे. त्यात मेंडेलचे एकसंकर व द्विसंकर प्रयोग आहेत आणि तेथून विवेचन मानवातील जनुकीय विकारांकडे वळते. लगेचच्या सतराव्या प्रकरणात जैवतंत्रज्ञानाची ओळख होते, ऊती व ऊतिसंवर्धन येते. हरितक्रांतीसाठी विद्यार्थ्यास दहावीच्या पुस्तकाच्या दुसऱ्या भागापर्यंत, पेशीविज्ञानाच्या प्रकरणापर्यंत थांबावे लागते आणि तेथे पोहोचल्यावर नववीतील वाटाण्याची त्याला आठवण करून दिली जात नाही. राष्ट्रीय परिषदेच्या २००६ च्या पुस्तकांत क्रम उलटा होता. अन्नस्रोतांच्या सुधारणेचे प्रकरण नववीत आणि आनुवंशिकता दहावीत. म्हणजे संकर म्हणजे काय हे समजण्यापूर्वीच वर्षभर आधी संकरित वाणांचे फायदे पाठ करावयाचे. क्रम कोणताही असो, दोहोंमधला दुवा दोन्हीकडे गहाळ आहे.

मेंडेल आणि शेती

ही फारकत मेंडेलच्या स्वतःच्या कार्याशी सुसंगत नाही, हे प्रथम नमूद केले पाहिजे. पाठ्यपुस्तकातील मेंडेल हा मठाच्या बागेत एकांतात वाटाणे मोजणारा साधू असतो. वस्तुतः ब्रनो हे शहर त्या काळी मेंढ्यांच्या व फळझाडांच्या पैदाशीच्या चर्चेचे केंद्र होते. मठाचे प्रमुख नाप यांना मेंढीपालनातील आनुवंशिकतेच्या प्रश्नात रस होता आणि १८४६ साली मेंडेलने शेती व फळबाग या विषयांवरील डिब्ल यांची व्याख्याने ऐकली होती. १८५६ ते १८६३ या काळातील त्याचे प्रयोग अशा वातावरणात झाले. १८६५ मध्ये त्याने ते दोन सभांत वाचून दाखविले व १८६६ मध्ये ते छापून आले. वाण सुधारणाऱ्या लोकांच्या प्रश्नांतूनच हे शास्त्र जन्मास आले.

मूळ निबंधातील एक निरीक्षण या दृष्टीने विशेष बोलके आहे. सुमारे एक फूट व सहा फूट उंचीच्या झाडांचा संकर केला असता पहिल्या पिढीतील झाडे सहा ते साडेसात फुटांपर्यंत गेली, असे मेंडेलने नोंदविले. म्हणजे संकरित झाड उंच पालकाइतके तर झालेच, पण बहुधा त्याच्याही पुढे गेले. आज ज्याला संकरजोम म्हणतात त्याची ही नोंद होय. संकरित बाजरी व संकरित मका ज्या गुणावर उभे आहेत तो गुण मेंडेलच्या वाफ्यात दिसला होता. शालेय पुस्तकात मात्र ‘उंच हा गुण प्रभावी’ एवढेच उरते, कारण चौकटीत साडेसात फुटांना जागा नाही.

बुटकेपणाचा अर्थ

उंच आणि बुटका या जोडीचा आता सविस्तर विचार करू, कारण शालेय पुस्तकांनी सर्वाधिक वापरलेली आणि सर्वांत कमी समजावून सांगितलेली जोडी हीच आहे. मेंडेलला दुसऱ्या पिढीत ७८७ उंच व २७७ बुटकी झाडे मिळाली. विद्यार्थी हे आकडे नाही, तर ३:१ हे गुणोत्तर पाठ करतो. बुटके म्हणजे बुटके का, हा प्रश्न वर्गात विचारला जात नाही. त्याचे उत्तर १९९७ साली मिळाले. झाडाच्या कांड्या लांबविणारे जिबरेलिन नावाचे संप्रेरक तयार होण्याच्या साखळीतील शेवटच्या टप्प्यांपैकी एक टप्पा पार पाडणारे विकर या जनुकावरून बनते. बुटक्या वाटाण्यात ते नीट काम करीत नाही, म्हणून कांड्या आखूड राहतात. बाहेरून जिबरेलिन दिल्यास बुटका वाटाणा उंच होतो, हे १९५० च्या दशकातच दाखविले गेले होते.

आता भाताकडे वळू. फिलिपिन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत १९६२ साली इंडोनेशियातील ‘पेटा’ या उंच वाणाचा तैवानच्या ‘डी-जिओ-वू-जेन’ या बुटक्या वाणाशी संकर करण्यात आला. पहिल्या पिढीत सारी रोपे उंच निघाली. दुसऱ्या पिढीत सुमारे चौथा हिस्सा रोपे बुटकी निघाली. याचा अर्थ स्पष्ट होता. बुटकेपणा एकाच अप्रभावी जनुकामुळे होता आणि तो पुढे शुद्ध करून घेणे सोपे होते. त्या संततीतून निवड करीत १९६६ साली ‘आयआर ८’ हा वाण बाहेर पडला. ब्रनोच्या वाफ्यात शंभर वर्षांपूर्वी दिसलेले ३:१ लॉस बान्योसच्या खाचरात पुन्हा दिसले आणि त्यातल्या चौथ्या हिश्श्याने आशियातील भातशेतीचे स्वरूप बदलले. भातातील हे जनुकही त्याच जिबरेलिनच्या साखळीतील दुसऱ्या एका विकराचे आहे, हे २००२ साली सिद्ध झाले. आपल्याकडील ‘जया’ हा १९६८ चा वाण तैवानच्याच बुटक्या ‘टीएन १’ पासून आलेला आणि कोकणातील शेतकऱ्यास परिचित असलेला ‘रत्ना’ हा ‘आयआर ८’ च्या संकरातून आलेला. कोकणातील मुलास बुटकेपणा शिकविण्यासाठी वाटाण्याचे चित्र काढावे लागावे, ही खरोखर नवलाची गोष्ट आहे.

उंच झाड बुटके केल्याने पीक का वाढते, हेही सांगावे लागते. भरपूर खत दिलेला उंच गहू कणसाच्या भाराने लोळतो. आखूड व ताठ दांड्याचा गहू खत पचवून उभा राहतो व झाडाने तयार केलेल्या अन्नाचा मोठा वाटा काडाऐवजी दाण्यात जातो. जपानच्या ‘नोरीन १०’ पासून घेतलेले बुटकेपणाचे जनुक बोरलॉग यांच्या मेक्सिकन वाणांत आले आणि १९६६ साली भारताने त्या वाणांचे सुमारे १८ हजार टन बियाणे आयात केले. १९६४-६५ मध्ये देशाचे गव्हाचे उत्पादन सुमारे १ कोटी २३ लाख टन होते, ते १९६७-६८ मध्ये १ कोटी ६५ लाख टनांच्या घरात गेले. यात पाणी, खत, हमीभाव यांचा वाटा होता हे उघड आहे, परंतु लोळणारा गहू असता तर ते खत वाया गेले असते.

येथे सावधगिरीची सूचना आवश्यक आहे. गव्हाचा बुटकेपणा वाटाण्यासारखा नाही. वाटाण्यात व भातात संप्रेरक कमी पडते, तर गव्हात संप्रेरक असते पण झाड त्यास दाद देत नाही, हे १९९९ साली उलगडले. म्हणून बुटक्या गव्हावर जिबरेलिन फवारले तरी तो उंच होत नाही. शिवाय गव्हातील हे जनुक पूर्णपणे अप्रभावीही नाही, पहिल्या पिढीतील झाडे मधल्या उंचीची निघतात. बाहेरून सारखा दिसणारा बुटकेपणा आतून दोन प्रकारचा असू शकतो, हा धडा कोणत्याही चौकटीपेक्षा मोलाचा आहे आणि तो प्रयोगाने शिकविता येतो. जिबरेलिन ही नाशिक, सांगलीच्या द्राक्षपट्ट्यात काही दुर्मीळ वस्तू नाही. मणी लांबविण्यासाठी घड ज्यात बुडवितात ते ‘जीए’ निफाड-तासगावच्या मुलांना माहीत असते, त्याची मात्रा चुकली तर काय होते हेही माहीत असते. शिक्षकाने मात्रेची व हाताळणीची काळजी घेऊन बुटक्या वाटाण्याच्या एका कुंडीवर ते फवारावे, दुसरी कुंडी तशीच ठेवावी आणि बुटक्या गव्हाच्या दोन कुंड्यांवर तेच करावे. तीन आठवड्यांत वर्गातील मुलांना जे दिसेल त्यात आनुवंशिकता आहे, वनस्पतिशास्त्र आहे आणि घरची शेतीही आहे. (हे संप्रेरक प्रथम ओळखले गेले ते भाताच्या एका रोगामुळे. बुरशी लागलेली रोपे वेड्यासारखी उंच वाढून पडत आणि त्यांस जपानी शेतकरी ‘वेडे रोप’ म्हणत. १९२६ साली कुरोसावा यांनी त्याचे कारण बुरशीच्या स्रावात शोधले. अन्ननिर्मितीतील एका अडचणीतूनच हेही ज्ञान आले.)

स्वयंपाकघरातील वाटाणा

गोल आणि सुरकुतलेला ही जोडी पाहण्यासाठी ब्रनोस जाण्याची आवश्यकता नाही. उसळीसाठी वाण्याकडून आणलेला वाळका वाटाणा गोल असतो. भाजीवाल्याकडील गोड मटार ज्या ‘अर्केल’सारख्या वाणाचा असतो त्याचे पक्व बी सुरकुतलेले असते. पांढरा वाटाणा व हिरवा वाटाणा या वाण्याच्या दोन पोत्यांत दाण्याच्या रंगाची जोडी आहे. दाणा फोडून आतील डाळीचा रंग पाहावयाचा, साल नव्हे. मेंडेलने निवडलेल्या सात जोड्यांपैकी दोन महाराष्ट्रातील प्रत्येक घरात आहेत, पण तसे सांगणारे शालेय पुस्तक पाहण्यात नाही.

मटार गोड का आणि सुरकुतलेला का, या दोन प्रश्नांचे उत्तर एकच आहे. साखरेपासून फांद्यायुक्त स्टार्च तयार करणारे एक विकर त्यात नाही, कारण त्याच्या जनुकात एक परका तुकडा घुसला आहे. हे १९९० साली दाखविले गेले. स्टार्च कमी बनते, साखर उरते, साखरेमुळे वाढत्या दाण्यात पाणी अधिक शिरते आणि वाळताना दाणा आक्रसून सुरकुततो. सुरकुती पडलेला वाटाणा म्हणजे काही बिघडलेला वाटाणा नव्हे. माणसाने चवीसाठी जपलेला तो गुण आहे. आयोडीनचा एक थेंब आणि शाळेतील साधे सूक्ष्मदर्शक एवढ्यावर दोन्ही दाण्यांतील स्टार्चकणांचा फरक दिसतो : गोल दाण्यात सलग लांबट कण, सुरकुतलेल्यात भेगाळलेले, तुकड्यांचे कण. संकरित दाणा बाहेरून गोल असला तरी त्याचे कण मधल्या स्वरूपाचे असतात. तेव्हा ‘गोल हा गुण प्रभावी’ हे विधान डोळ्यांनी पाहणाऱ्यासाठी खरे आणि सूक्ष्मदर्शकातून पाहणाऱ्यासाठी अपुरे ठरते. प्रभावीपणा कोणत्या पातळीवर पाहिला जातो यावर अवलंबून आहे, ही सूक्ष्म गोष्ट दोन रुपयांच्या वाटाण्यात शिकविता येते.

प्रात्यक्षिकात फसगती मात्र पुष्कळ आहेत. कोवळा दाणा कोणत्याही जातीचा असला तरी वाळताना सुरकुततो व कोवळेपणी हिरवाच असतो, म्हणून वेलावर पूर्ण पिकलेली शेंगच घ्यावी लागते. गोल जातीच्या दाण्यावर पडलेला एखादा खळगा म्हणजे सुरकुती नव्हे. बाजारातील हिरव्या वाटाण्यास कधी कधी वरून रंग लावलेला असतो, तो भिजत घातल्यावर पाण्यात उतरतो. पेरणीसाठी मिळणारे बियाणे बुरशीनाशक चोळलेले असते, ते मुलांच्या हाती उघडे देऊ नये. या फसगतीच खऱ्या अर्थाने अध्यापनाचा भाग आहेत, कारण आनुवंशिक गुण आणि परिस्थितीजन्य बदल यांतील भेद त्यांतूनच कळतो.

वेल्डनचा आक्षेप

याच ठिकाणी एका जुन्या वादाची दखल घेणे अगत्याचे आहे. १९०० साली मेंडेलचे कार्य पुन्हा प्रकाशात आल्यावर दोनच वर्षांत वेल्डन या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने वाटाण्यांची छायाचित्रे छापून दाखविले की, बियाण्याच्या व्यापाऱ्यांकडील वाटाणे पिवळे किंवा हिरवे अशा दोन कप्प्यांत बसत नाहीत, त्यांच्यामध्ये छटांची सलग मालिका असते. वेल्डन १९०६ साली वारला व वाद मेंडेलच्या बाजूने मिटला. अलीकडे विज्ञानेतिहासकार ग्रेगरी रॅडिक यांनी ‘डिस्प्युटेड इनहेरिटन्स’ या २०२३ च्या ग्रंथात तो पुन्हा उघडला आहे. त्यापूर्वी त्यांनी व अ‍ॅनी जेमीसन यांनी लीड्स विद्यापीठात एक अध्यापनप्रयोग केला. विद्यार्थ्यांच्या एका गटास नेहमीचा मेंडेलप्रधान पाठ्यक्रम व दुसऱ्यास परिस्थिती आणि बदलशीलता यांना अग्रस्थान देणारा पाठ्यक्रम शिकविला. दुसऱ्या गटात ‘जनुक सारे काही ठरविते’ ही समजूत कमी झाली, नेहमीच्या गटात ती तशीच राहिली. प्रयोग लहान होता व त्याच्या कर्त्यांनीही तो प्राथमिकच म्हटला आहे.

प्रस्तुत लेखकास हा आक्षेप अर्धा मान्य आहे. नववीच्या पुस्तकात वाटाण्याच्या चौकटीवरून थेट मानवी विकारांकडे उडी आहे आणि त्या उडीत परिस्थितीचा प्रभाव जवळजवळ हरवतो. मधुमेह आणि सुरकुतलेला वाटाणा यांच्यामध्ये जे अंतर आहे ते विद्यार्थ्यास पार करून दाखविले जात नाही. एकाच कणसाच्या ज्वारीचे दाणे हलक्या व भारी जमिनीत पेरले तर ताटाची उंची केवढी बदलते हे सोलापूरकडील मुलास सांगावे लागत नाही. वेल्डनला छायाचित्रे छापावी लागली, त्यास शेताच्या बांधावर उभे राहणे पुरे आहे. तथापि मेंडेलला मागे सारणे आपल्याला परवडणारे नाही. ज्या समाजात बियाणे दरवर्षी विकत घ्यावे लागते, त्या समाजात दुसऱ्या पिढीत गुण वेगळे होतात हा नियम ही चैनीची माहिती नाही. लीड्समधील विद्यार्थ्याने ३:१ विसरले तर त्याचे फारसे बिघडत नाही. यवतमाळच्या विद्यार्थ्याबद्दल तसे म्हणता येत नाही.

संकरित बियाणे आणि बोंडातील चौकट

मराठवाड्यातील एका शाळेत नववीच्या वर्गाशी बोलत असता एका मुलीने विचारलेला प्रश्न स्मरणात आहे. हायब्रीड ज्वारी पुन्हा पेरली तर ती एकसारखी का येत नाही, वडील म्हणतात कंपनी बियाण्यात काहीतरी घालते. वर्गाने त्याच आठवड्यात एकसंकराची चौकट सोडविली होती. ‘संकर’ हा पुस्तकातील शब्द आणि ‘हायब्रीड’ हा घरातील शब्द एकच आहे, असे त्यांतील कोणासही वाटले नव्हते. यात त्यांचा दोष नाही. मराठीत ‘हायब्रीड’ या शब्दाने १९६० च्या दशकात खेड्यात प्रवेश केला. १९६४ साली ‘सीएसएच १’ ही देशातील पहिली संकरित ज्वारी आली, १९६५ साली ‘एचबी १’ ही संकरित बाजरी, १९७० मध्ये गुजरातेत ‘संकर ४’ हा कापूस. पाहता पाहता तो शब्द बेचव भाकरी व दमछाक होणारी पिढी यांस चिकटला. पाठ्यपुस्तकाने शुद्ध मराठी शब्द योजला आणि त्याच क्षणी विषय घराबाहेर गेला.

त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर चौकटीतच आहे. संकरित बियाण्यापासून आलेले प्रत्येक झाड दोन निराळ्या पालकांची जनुके बाळगते. त्याच्या दाण्यांत ती पुन्हा वाटली जातात व पुढच्या वर्षी शेतात उंच-बुटकी, लवकर-उशिरा येणारी झाडे मिसळून दिसतात. संकरित ज्वारीच्या बाबतीत काही ताटे नर-वंध्य निघतात, कारण बीजोत्पादनात मादी वाण नर-वंध्यच वापरलेला असतो. कंपनीने काही घातलेले नसते, दुसरी पिढी आपल्या नियमाने वागते. याउलट ‘मालदांडी’सारखा निवडीतून आलेला सरळ वाण घरचे बी राखून वर्षानुवर्षे पेरता येतो. वाणांचे संरक्षण व शेतकरी हक्क कायदा, २००१ शेतकऱ्यास बियाणे राखण्याचा, पेरण्याचा, देवाणघेवाणीचा व नाममुद्रा न लावता विकण्याचाही हक्क देतो. पण कायद्याने दिलेला हक्क संकरित वाणाच्या बाबतीत निसर्गनियमामुळे निरुपयोगी ठरतो, हे नागरिकशास्त्राचे पुस्तक सांगत नाही आणि विज्ञानाचेही सांगत नाही.

कापसाचे उदाहरण याहून गंभीर आहे. २००२ साली बीटी कापसास परवानगी मिळाली. अमेरिका व ऑस्ट्रेलियात बीटी कापूस सरळ वाणांत आला, भारतात तो संकरित वाणांत आला. पहिल्या संकरित वाणांत बीटी जनुक एकाच पालकाकडून आलेले होते. त्यामुळे शेतकऱ्याने पेरलेले प्रत्येक झाड बीटीच असते, परंतु त्या झाडाच्या बोंडातील सरक्या ही दुसरी पिढी असते. म्हणून तीन सरक्यांत बीटी व एकीत ते नाही, अशी वाटणी होते. मेंडेलची चौकट प्रत्येक बोंडात भरलेली असते. दोन बीटी जनुके असलेल्या नंतरच्या वाणांत काही सरक्यांत दोन्ही, काहींत एक व काहींत एकही नाही, अशी स्थिती होते. गुलाबी बोंडअळी बोंडात शिरून सरक्याच खाते. एकाच बोंडात विषारी व निर्विष दाणे मिळाल्याने तिला अपुरी मात्रा मिळते व तिची प्रतिकारशक्ती लवकर वाढते, असे मत अनेक अभ्यासकांनी मांडले आहे. आश्रयपट्टा न लावणे व कापूस लांबत ठेवणे ही कारणेही त्यास जोडली गेली. २०१७ च्या हंगामात विदर्भातील शेतकऱ्यांनी त्याचा परिणाम भोगला.

याच गुणोत्तराची दुसरी बाजू चीनमधून पुढे आली. यांगत्से नदीच्या खोऱ्यात बियाण्याचा खर्च वाचविण्यासाठी संकरित कापसाची दुसरी पिढी पेरली गेली. तेथे सरक्यांऐवजी शेतातील चौथा हिस्सा झाडेच बीटी-विरहित निघाली. ती अळीस आश्रय म्हणून उपयोगी पडली व गुलाबी बोंडअळीची प्रतिकारशक्ती मागे हटली, असे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. तीन आणि एक हेच गुणोत्तर दाण्यादाण्यांत विखुरले तर घातक आणि झाडाझाडांत विखुरले तर उपकारक ठरू शकते. इतके समृद्ध उदाहरण हाताशी असता आपण दहावीच्या मुलास बीटी कापूस ‘टीप लिहा’ म्हणून देतो.

निवडीचा विसर

संकर म्हणजेच सुधारणा, असा समज पुस्तके नकळत रुजवितात. निवड ही गोष्ट त्यांत अगदी दुय्यम राहते. चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांचे शिक्षण तिसरीपर्यंतचे होते. १९८३ च्या सुमारास ‘पटेल ३’ या भाताच्या शेतात त्यांना पिवळसर दाण्याच्या वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या वेगळ्या ठेवल्या, वेगळ्या पेरल्या व पुढे त्यांतून ‘एचएमटी’ हा वाण आला, ज्याचे नाव त्या वेळच्या लोकप्रिय घड्याळावरून पडले. यात कृत्रिम संकर नाही. आहे ती तीक्ष्ण नजर आणि भात स्वपरागित असल्याने वेगळी लोंबी पुढे तशीच राहते या गोष्टीचा उपयोग. योहानसेनने १९०३ साली घेवड्याच्या दाण्यांचे वजन करून शुद्ध वंशक्रमाची कल्पना मांडली, तिचेच हे शेतातील रूप होय. नववीच्या वर्गात हे प्रकरण मेंडेलच्या शेजारी बसण्याच्या योग्यतेचे आहे. केंद्रीय पुस्तकांतून २०२३ मध्ये उत्क्रांतीचा भाग दहावीतून काढून टाकल्याने निवडीची कल्पना शिकविण्याचे उरलेसुरले निमित्तही गेले आहे.

कोणती झाडे लावावीत

शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होते आणि वाटाणा हे रब्बीचे पीक आहे. ऑक्टोबरात पेरला तर वार्षिक परीक्षेपर्यंत एक पिढी हाती येते, दोन नव्हेत. मेंडेलचा प्रयोग शाळेत करून पाहणे महाराष्ट्रात जवळजवळ अशक्य आहे, हे मान्यच करावे. विस्कॉन्सिन विद्यापीठात पॉल विल्यम्स यांनी मोहरीवर्गातील पिकांच्या रोगप्रतिकारावर काम करताना बीपासून बीपर्यंत सुमारे पाच आठवड्यांत पुरी होणारी रोपे तयार केली व ती तेथील शाळांत गेली. त्यांना अखंड दिव्याचा उजेड लागतो. आपल्याकडील भारनियमनाचा विचार करता ती आयात करण्याचा आग्रह धरण्यात अर्थ नाही.

स्थानिक झाडांत गुलबक्षी पुष्कळांस सुचते, कारण लाल व पांढऱ्याच्या संकराने गुलाबी फूल येते आणि त्याच्या संततीत १:२:१ असे सरळ गुणोत्तर दिसते. पण ती चार वाजल्यानंतर उमलते आणि आपल्या परसातील गुलबक्षीत ठिपक्याठिपक्यांची, अर्धीमुर्धी रंगीत फुले इतकी असतात की गणना करणारा शिक्षक गोंधळून जातो. त्यापेक्षा मका चांगला. कणसावरील प्रत्येक दाणा हे स्वतंत्र अपत्य असल्याने एका कणसावर काही शे संततीची गणना तासाभरात होते. गोड मक्याच्या शेजारी साधा मका लावला तर गोड मक्याच्या कणसात साधे, भरलेले दाणे दिसू लागतात. वाऱ्याने आलेला पराग दाण्यावर कसा उमटतो हे त्यातून दिसते.

फुलाची रचना शिकविण्यासाठी आपण सर्वत्र जास्वंद वापरतो. परसातील जास्वंद फांदीवरून लावली जाते आणि तिला बी क्वचितच धरते. लैंगिक प्रजननाचा पाठ ज्या फुलावर द्यावयाचा ते फूलच बहुधा वांझ असावे, ही विसंगती कोणाच्या लक्षात आलेली दिसत नाही. त्याच कुळातील भेंडीचे फूल तितकेच मोठे असते, दीड महिन्यात येते, कळीतील पुंकेसर काढून कृत्रिम परागण करणे मुलांनाही साधते आणि शेंगेत बी भरते. शिवाय परभणीच्या कृषी विद्यापीठाची ‘परभणी क्रांती’ ही भेंडी रानटी जातभाईशी संकर करून, शिरा पिवळ्या पडण्याच्या रोगास तोंड देण्यासाठी तयार केलेली आहे. जूनमध्ये पेरलेल्या भेंडीवर ऑगस्टात परागण, ऑक्टोबरात बी आणि जानेवारीत पुढील पिढीचे रोप एवढे वेळापत्रक बसते.

परीक्षेचा अडसर मात्र राहतो. शुद्ध उंच व शुद्ध बुटक्या वाटाण्याचा संकर चौकटीने दाखवा, हा प्रश्न गुण देण्यास सोपा आहे. त्याच्या जागी असा प्रश्न विचारता येईल : एका शेतकऱ्याने एकाच पालकाकडून बीटी जनुक मिळालेल्या संकरित कापसाच्या सरक्या राखून पुढल्या वर्षी पेरल्या. उगवलेल्या २०० झाडांपैकी साधारण किती झाडे बीटी-विरहित असतील, ती शेतात कोठे असतील हे आधी सांगता येईल काय आणि फवारणीचा निर्णय घेताना शेतकऱ्याने कोणती गोष्ट ध्यानात ठेवावी?